विहिरीची साक्ष : खानदेशांतील भूगर्भजलाचा अभ्यास

दुष्काळाच्या वर्षीं कमिटीकडे जें द्रव्यसाहाय्य येतें त्यांतील पुष्कळसें एका विशिष्ट इच्छेनें येतें. दाता म्हणतो, "माझ्या वडिलांच्या नांवें अमुक गांवीं एक विहीर खणून द्या." ही इच्छा उदात्त आहे यांत शंका नाहीं. अन्नदान केलें तें दोन प्रहरांत संपतें, गुरांस कडबा दिला तो एका हंगामांत संपतो. विहीर मात्र पिढ्यानुपिढ्या पाणी देते, अशी आपली समजूत आहे, आणि विहिरीस पाणी लागलें तर ती खरीहि आहे. परंतु पाणी न लागलें तर? कोरड्या विहिरीवर बसविलेल्या नामफलकाचें पुण्य कोणास लागतें, हें शास्त्रीमंडळींनीं सांगावें. मी वकील; मला इतकेंच सांगतां येतें कीं, दात्याचा पैसा खडकांत गेला, गांवाची तहान तशीच राहिली, आणि तोच पैसा दुसऱ्या जागीं कामास आला असता.

प्रस्तुत लेखाचा हेतु हाच कीं, विहीर किंवा विंधणविहीर घेण्यापूर्वीं भूमीची चौकशी कशी करावी, व घेतल्यानंतर तिच्यापासून काय शिकावें, हें सर्वांस समजेल अशा भाषेंत मांडावें. प्रत्येक विहीर ही भूगर्भाच्या पोटांत उतरलेली एक साक्षीदार आहे. ती काय सांगते हें आपण लिहून ठेवीत नाहीं, एवढाच आपला दोष. आणि त्या दोषाची किंमत दर दुष्काळांत आपण भरतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्याकडे एक दावा आला. गांवाचें व पक्षकारांचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. वादीची विहीर आजोबांच्या वेळची, चिरेबंदी, चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. शेजाऱ्यानें बांधाजवळ तीनशें फूट खोल विंधणविहीर घेतली व तिजवर विजेचा पंप बसविला. दुसऱ्याच उन्हाळ्यांत वादीच्या विहिरीचें पाणी तुटलें. मी प्रतिवादीचा वकील होतों, आणि कायद्याचा आधार माझ्या बाजूस भक्कम होता. त्याचा विचार पुढें येईल. वादीस विचारण्यांत आलें कीं, पूर्वीं वैशाखांत तुमच्या विहिरींत किती पाणी असे? उत्तर आलें, "भरपूर असे." माझ्या पक्षकारास विचारण्यांत आलें कीं, तुम्हांस पाणी किती खोलीवर लागलें? उत्तर आलें, "तें यंत्रवाल्यास ठाऊक." दोघांजवळहि एका ओळीचें टांचण नव्हतें. दावा आम्हीं जिंकला. तिसऱ्या वर्षीं माझ्या पक्षकाराचीहि विंधणविहीर आटली. आणि ज्या ओसरीवर तो पेढे घेऊन आला होता, त्याच ओसरीवर तो टँकरसाठीं अर्ज लिहून घेण्यास आला. त्या दिवसापासून मीं हा विषय विद्यार्थ्याप्रमाणें शिकण्यास आरंभ केला. जें थोडें समजलें तें येथें देत आहें.

१. खानदेशच्या भूमीचे तीन प्रकार

जळगांव व धुळें हे दोन जिल्हे १९०६ सालापूर्वीं एकाच खानदेश जिल्ह्यांत होते. पुढें धुळ्यांतून नंदुरबार १९९८ सालीं वेगळा निघाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीचे फांटे, आणि मध्यें पश्चिमवाहिनी तापी. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या तापीस मिळतात. उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर इत्यादि लहान पण वेगवान नद्या येतात. पाऊस बहुतेक भागीं वर्षास वीस ते तीस इंच, आणि तोहि चार महिन्यांत. या प्रदेशाच्या भूगर्भाचा पहिला विस्तृत वृत्तांत विल्यम ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानें १८६९ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून आजवर झालेल्या शोधांवरून विहीर खणणारानें खानदेशाचे तीन भाग ध्यानीं धरावे.

पहिला भाग सातपुड्याच्या अगदीं पायथ्याचा. डोंगरांतून धांवत आलेल्या नद्यांनीं येथें मोठमोठे गोटे, रेती व मुरमाड भर टाकलेली आहे. पावसाळ्यांत भरून आलेला नाला या पट्ट्यांत शिरला कीं थोड्या अंतरांत दिसेनासा होतो. पाणी त्या गोट्यांतून खालीं उतरतें. म्हणून हा पट्टा पाणी पिणारा खरा, परंतु येथें पाण्याची पातळी फार खोल असते. वरून कोरडा दिसणारा हा पट्टा दक्षिणेकडील बागाइतीच्या पाण्याचें मूळ आहे.

दुसरा भाग तापीकांठचा गाळाचा. सातपुड्याच्या पायथ्यालगत भूकवचास मोठा भंग आहे. त्याच्या दक्षिणेची भूमि खचली, आणि त्या खोलगटांत नद्यांनीं युगानुयुगें माती, वाळू व रेती आणून भरली. हा गाळ कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट जाड आहे. चोपडें, यावल, रावेर या तालुक्यांच्या केळीच्या बागा बहुतांशीं याच गाळावर उभ्या आहेत. परंतु हा गाळ म्हणजे सर्वत्र एकच वस्तु नव्हे. वाळूचा थर पाणी देतो. चिकणमातीचा थर पाणी धरतो पण सोडीत नाहीं. दोन शेजारच्या विंधणविहिरींपैकीं एकीस वाळू लागावी व दुसरीस केवळ चिकणमाती, असें येथें नेहमीं घडतें.

तिसरा भाग काळ्या पाषाणाचा. धुळें जिल्ह्याचा बहुतेक भाग व जळगांवचे दक्षिणेकडील तालुके यांत मोडतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस वारंवार बाहेर पडला व थरावर थर असा थिजत गेला; तोच हा पाषाण. या भागांतच विहिरींचा जुगार सर्वांत अधिक खेळला जातो, म्हणून त्याचा विचार थोडा विस्तारानें करूं.

२. काळ्या पाषाणांत पाणी कोठें राहतें

अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाहीं. पाणी राहतें तें तीन जागीं : वरच्या कुजलेल्या मुरमांत, खडकाच्या सांध्यांत व भेगांत, आणि प्रत्येक थराच्या माथ्याकडील सच्छिद्र भागांत. रस थिजतांना त्यांतून निघालेल्या वायूच्या बुडबुड्यांनीं हीं छिद्रें पडलीं. पुढें कित्येक ठिकाणीं त्यांत पांढरीं स्फटिकें भरून आलीं. विहिरीच्या मालांतून निघालेल्या गारगोट्या मुलें खेळावयास नेतात, त्या याच. जळगांव जिल्ह्यांतील सावद्याच्या खाणींतून निघालेलीं असलीं स्फटिकें परदेशच्या संग्रहालयांपर्यंत गेलीं आहेत. परंतु पाण्याच्या दृष्टीनें गारगोटी शुभ चिन्ह नव्हे. छिद्र रिकामें असेल व शेजारच्या छिद्राशीं जोडलेलें असेल तर पाणी. गारगोटीनें बुजलें असेल तर नाहीं.

दोन थरांच्या मध्यें पुष्कळ वेळां गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळांत खालच्या थराचा माथा कुजला व वरून आलेल्या रसानें भाजला, त्याची ती खूण. हा पट्टा बहुधा पाणी खालीं जाऊं देत नाहीं. म्हणून त्याच्या माथ्यावर पाझर सांपडण्याचा संभव असतो. अधिक पाण्याच्या लोभानें तो फोडून खालीं गेल्यास वरचें पाणी खालच्या कोरड्या भेगांत निघून जाण्याची भीति असते. आहे तें पाणी आपल्याच हातानें घालविल्याच्या कथा प्रत्येक तालुक्यांत ऐकावयास मिळतात. त्यांतील कांहींचें तरी कारण हेंच असावें.

धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांत आणखी एक विशेष आहे. येथें भूमीच्या उभ्या भेगांत थिजलेल्या रसाच्या भिंती बहुधा पूर्वपश्चिम पसरलेल्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांस डाइक म्हणतात, आणि या टापूंत त्यांनीं अशा दोनशेंहून अधिक भिंती नोंदल्या आहेत. कांहीं मैलोगणती लांब जातात. माळावर दगडांची सरळ ओळ किंवा अरुंद टेकडी दिसली तर ती बहुधा अशीच भिंत असते. भिंत अभंग असेल तर ती भूगर्भांतील बंधाऱ्याचें काम करते : चढाच्या बाजूस पाणी तुंबतें, उताराच्या बाजूस विहिरी कोरड्या. भिंत भेगाळलेली असेल तर तीच पाण्याची वाट बनते. म्हणून एका भिंतीच्या दोन बाजूंस शंभर पावलांच्या अंतरानें घेतलेल्या विहिरींचें नशीब निराळें निघतें. लोक त्यास दैव म्हणतात. वस्तुतः तो नकाशा न काढल्याचा परिणाम होय.

३. जुन्या विहिरी वाचण्याची रीति

नवी विहीर घेण्यापूर्वीं शिवारांतील जुन्या विहिरी पाहणें हा सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा अभ्यास आहे. कोरडी विहीर तर अधिकच उपयोगी, कारण तिचे थर उघडे दिसतात. गांवांतील वीस-पंचवीस विहिरी घेऊन प्रत्येकीसंबंधीं पुढील गोष्टी लिहाव्या : काळी माती किती फूट, मुरूम किती, खडक कोणत्या खोलीवर लागला, लाल पट्टा आहे काय, पाझर कोणत्या बाजूनें व किती खोलीवर येतो, आणि पाण्याची पातळी किती. पातळी मोजतांना कठड्यावर एक कायमची खूण करावी व दर वेळीं तेथूनच मोजावी. पंप चालूं असतां किंवा नुकताच बंद केला असतां मोजूं नये. वर्षांतून निदान दोन वेळां मोजावी : एकदां मे अखेर, पाणी सर्वांत खालीं असतां, एकदां सप्टेंबर-ऑक्टोबरांत, पावसाळा संपतांच. या दोन मापांतील अंतर म्हणजे त्या वर्षीं पावसानें भूमीच्या तिजोरींत टाकलेली जमा.

तीन विहिरी त्रिकोणांत घेऊन त्यांच्या खुणांची उंची समपातळीयंत्रानें काढली, तर जमिनीखालील पाण्याचा उतार कोणत्या दिशेस आहे हें शाळेंतील मुलासहि काढतां येतें. पुष्कळदां हा उतार वरच्या जमिनीच्या उताराशीं जुळतो. जेथें जुळत नाहीं तेथें भिंत, भेग किंवा मोठा उपसा आहे असें समजून पुढील चौकशी करावी.

विहिरीची शक्ति पाहावयाची तर पाणी उपसून खालीं आणावें व किती तासांत किती चढतें तें मोजावें. वीस फूट व्यासाच्या विहिरींत बारा तासांत तीन फूट पाणी चढलें, तर सुमारें ९४० घनफूट, म्हणजे २६ ते २७ हजार लिटर पाणी आलें. ताशीं सव्वादोन हजार लिटरांच्या आंत. यापेक्षां मोठा पंप बसविणें म्हणजे केवळ वीज जाळणें होय.

४. विंधणविहिरीची साक्ष

१९७२ च्या दुष्काळापासून हवेच्या दाबावर चालणारीं विंधणयंत्रें महाराष्ट्रांत गांवोगांव फिरूं लागलीं. पूर्वीं जें काम पहार व सुरुंग यांनीं दोन-तीन हंगाम चाले, तें भोंक हीं यंत्रें एका दिवसांत पाडतात. मात्र खणलेल्या विहिरींत माणूस उतरून पाहूं शकतो. सहा इंची भोंकांत उतरतां येत नाहीं. तेथें वर उडणारा भुगा हाच पुरावा. दर पांच-दहा फुटांस मूठभर भुगा कागदी पिशवींत घालून वर खोली लिहावी. काळा बारीक भुगा अखंड पाषाणाचा, तांबूस-तपकिरी कुजलेल्या खडकाचा, पांढरे कण गारगोटीचे, लाल चिखल गेरूच्या पट्ट्याचा. यंत्र एकाएकीं वेगानें खालीं गेलें तर तेथें भेग किंवा मऊ थर आहे असें समजावें व ती खोली नोंदावी. प्रथम ओल कोठें, पाणी कोठें, आणि पुढें तें वाढलें कीं नाहीं, हेंहि लिहावें.

यंत्रवाले पाणी इंचांत सांगतात : "दोन इंच पाणी लागलें," "चार इंच लागलें." या इंचाचा अर्थ न समजल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. काटकोनी खांचेच्या पत्र्यावरून वाहणाऱ्या पाण्याची ती उंची असते. दोन इंच म्हणजे ताशीं सुमारें २,९०० लिटर. परंतु चार इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, साडेपांच पटींहून अधिक, सुमारें १६,३०० लिटर. उलट बाजूनें, चाराचे दोन इंच झाले तर पाणी निम्में राहिलें नसून पांचव्या हिश्शाहूनहि कमी राहिलें. शिवाय यंत्र चालूं असतां मोजलेलें पाणी हें भेगेंत सांठलेलें पहिलें पाणी असूं शकतें. निदान कांहीं तास पंप चालवून पातळी कोठें स्थिर होते हें पाहिल्यावांचून कोणत्याहि विंधणविहिरीस यशस्वी म्हणूं नये.

जागा निवडण्याचे उपायहि दोन प्रकारचे आहेत. पानाड्याचा उपाय जुना आहे. १९२० नंतरच्या दशकांत खुद्द मुंबई सरकारनें मेजर पॉग्सन यांस सरकारी पानाडी म्हणून नेमलें होतें. मी कोणाच्या श्रद्धेवर वाद घालीत नाहीं. परंतु पानाड्यानें दाखविलेल्या जागांपैकीं किती लागल्या व किती फसल्या याची वही कोणी ठेवीत नाहीं, आणि वहीवांचून पुरावा नाहीं. दुसरा उपाय विजेच्या विरोधाचा. जमिनींत चार खुंट्या ठोकून बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात व आंतल्या दोहोंत दाब मोजतात; खुंट्यांमधील अंतर वाढवीत गेलें कीं अधिकाधिक खोल थरांची माहिती मिळते. अखंड पाषाण विजेस मोठा विरोध करतो, ओला मुरूम कमी करतो. परंतु चिकणमाती व खारें पाणी हींहि कमीच विरोध करतात. पूर्वेकडे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या गाळांत खाऱ्या पाण्याचा मोठा पट्टा आहे. तेथें केवळ यंत्रावर विसंबणारास मीठच मिळावयाचें. यंत्राच्या अंकांस जवळच्या विहिरीचे प्रत्यक्ष थर जोडले, तरच त्यांचा अर्थ लागतो. म्हणजे फिरून जुन्या विहिरीच्याच साक्षीवर यावें लागतें.

५. जमाखर्च

व्यापारी वाचकांस हा भाग सहज पटेल. सरकारी भूजलमापनांत जे अंक मान्य केले आहेत त्यांवरून, भेगाळ सच्छिद्र पाषाणांतून पाण्याची पातळी खालीं गेली असतां त्या थराच्या घनफळाच्या सुमारें २ टक्के पाणी हातीं येतें; वाळूच्या गाळांतून १६ टक्के, चिकण गाळांतून ६ टक्के. एक एकर जमिनीखालीं पातळी दहा फूट उतरली, तर पाषाणांत सुमारें अडीच लाख लिटर पाणी मिळालें. वाळूच्या गाळांत त्याच्या आठपट. म्हणजे पाषाणांतील विहीर दहा फूट खालीं गेली यांत पुष्कळ पाणी वापरलें गेलें असें नव्हे. तेथें तिजोरीच लहान आहे.

जमेची बाजूहि तशीच. सच्छिद्र भेगाळ पाषाणांत पावसाच्या सुमारें १३ टक्के, कुजलेल्या पाषाणांत ७ टक्के, गाळांत २२ टक्के पाणी मुरतें असें धरतात. पंचवीस इंच पावसांत पाषाणाची जमा सव्वातीन इंच किंवा पावणेदोन इंच. गाळाची साडेपांच इंच. केळीच्या बागेस पाटानें पाणी दिल्यास वर्षास साठ-सत्तर इंच लागतें. त्यांतील कांहीं पाऊस देतो व कांहीं पुन्हा मुरतें हें धरलें, तरी एका एकराच्या बागेस कित्येक एकरांची जमा लागते हें उघड आहे. ठिबक सिंचनाचा मोठा प्रसार जळगांवांतून झाला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु वांचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर बाग लाविली, तर खर्च तेवढाच राहतो. यावल व रावेर हे तालुके सरकारी मापनांत वारंवार अतिशोषित वर्गांत आले, म्हणजे खर्च जमेहून अधिक झाला. पेढीवर ही स्थिति आली तर आपण तिला काय म्हणतों, हें सांगावयास नको.

६. जमा वाढविण्याचे प्रयत्न

शिरपूर तालुक्यांत २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनानें व आमदार अमरीशभाई पटेल यांच्या साहाय्यानें नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे घालण्याचें काम झालें, आणि कोरड्या विहिरींत वाहतें पाणी सोडून ती भूमींत मुरविण्याची योजनाहि केली गेली. त्याचें मर्म खोदाईंत नसून थर ओळखण्यांत आहे : पाणी अडविणारा मातीचा किंवा खडकाचा थर कोणता, आणि तो कापल्यास खालीं पाणी घेणारा थर आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहिलें गेलें. हेंच काम दुसऱ्या भूमींत डोळे मिटून केलें तर नाल्याचा तळ पाण्याच्या थरांत घुसून आसपासच्या विहिरींचें पाणी नाल्यांतून वाहून जावयाचें.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यांत तापीचें पुराचें पाणी नेऊन मुरवावें, ही योजना पुष्कळ वर्षें चर्चेंत होती. तिजविषयीं १० मे २०२५ रोजीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश सरकारांत करार झाला. एवढें मोठें काम ज्या एका गोष्टीवर उभें आहे, ती म्हणजे त्या पट्ट्याच्या थरांची माहिती. आणि ती माहिती विहिरी व विंधणविहिरी यांनींच दिली आहे.

७. कायदा काय म्हणतो

माझ्या पक्षकारास ज्या आधारावर यश मिळालें तो आतां सांगतों. १८५९ सालीं विलायतेंत क्रॉयडनच्या स्थानिक बोर्डानें मोठी विहीर खणली व वँडल नदीवरील एका गिरणीवाल्याचें पाणी कमी झालें. तेथील सर्वोच्च न्यायसभेनें त्यास दाद दिली नाहीं. जमिनीखालून निश्चित प्रवाहानें न वाहणारें पाणी ज्याच्या हद्दींत सांपडेल त्यानें घ्यावें, हें तत्त्व आपल्या १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यांतहि सातव्या कलमाच्या दृष्टांतांत आलें. भूगर्भांतील पाण्याची वाट दिसत नाहीं, या समजुतीवर हें तत्त्व वाढलें. आज ती वाट मोजतां येते.

कायदाहि हळूहळू त्या दिशेस वळला आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अंमलांत आला. त्यांत विहिरींची व विंधणयंत्रांच्या मालकांची नोंदणी आणि शेती व उद्योग यांसाठीं ६० मीटर किंवा अधिक खोल विहिरींवर बंदी सांगितली आहे. परंतु अनुभवी वकील म्हणून सांगतों कीं, ज्या गांवांत पातळीची वही नाहीं त्या गांवांत कोणताहि कायदा बोलत नाहीं. न्यायाधीश पुराव्यावर निर्णय देतो, आणि "भरपूर असे" हा पुरावा नव्हे.

८. दात्यांस विनंति

वरील विवेचनावरून कमिटीपुढें आमची सूचना अशी आहे :

पहिली : ज्या गांवीं विहिरीसाठीं देणगी येईल, तेथें प्रथम निदान वीस जुन्या विहिरींची पाहणी व्हावी. पाहणींत पाण्याचा संभव न दिसल्यास दात्यास तसें स्पष्ट कळवावें, आणि तीच रक्कम जुन्या विहिरीचा गाळ काढणें, बंधारा घालणें किंवा शेजारच्या गांवाहून नळ आणणें यांकडे लावण्यास त्याची संमति घ्यावी.

दुसरी : विंधणयंत्रवाल्याची शेवटची रक्कम, थरांच्या भुग्याच्या पिशव्या व खोलीची सहीनिशीं नोंद हातीं आल्यावांचून देऊं नये.

तिसरी : कोरड्या निघालेल्या विहिरीचीहि नोंद अहवालांत छापावी. अपयश लपविल्यास पुढील दाता त्याच खडकावर पुन्हा पैसा टाकील.

चौथी : जमीनदार बंधूंनीं वर्षांतून दोन वेळां आपली विहीर मोजूं द्यावी व तो अंक चावडीवर लावण्यास हरकत घेऊं नये. आपल्या विहिरीचा अंक शेजाऱ्यास कळला तर नुकसान होईल अशी भीति कित्येकांस वाटते. माझ्या वादी-प्रतिवादींसहि तशीच वाटत होती.

या कामास खर्च फार नाहीं. एक मोजपट्टी, एक वही, एक समपातळीयंत्र आणि गांवांतील एक शिक्षक किंवा चुणचुणीत मुलगा एवढ्यावर एका शिवाराचें काम चालतें. व्यापारी मंडळी दर दिवाळीस नव्या वहीचें पूजन करतात. त्यांनीं आपल्या वह्यांबरोबर एक वही पाण्याची धरावी, आणि एका तालुक्याच्या मोजणीचा खर्च आपल्याकडे घ्यावा. विहीर देणाराचें पुण्य एका गांवास पुरतें. मोजणी करविणाराचें पुण्य तालुक्यास पुरेल, आणि त्यास कोरडें पडण्याची भीति नाहीं.

ज्यांस विहीरच द्यावयाची आहे त्यांनीं ती अवश्य द्यावी. तिच्या कठड्यावर वडिलांचें नांव कोरावें. आणि त्याखालीं एक ओळ अधिक कोरावी : विहिरीची एकूण खोली, पाणी लागलें ती खोली, आणि साल. शंभर वर्षांनीं तहानलेला एखादा माणूस ती ओळ वाचील, तेव्हां त्यास कोठें खणावें व कोठें खणूं नये हें कळेल.